पेण-रोह्याचा पूर : डोंगराचे पाणी आणि खाडीची भरती

रायगड जिल्ह्यात पुराची बातमी म्हटली की लक्ष प्रथम महाडकडे जाते. सावित्रीच्या पुरांचा इतिहास पाहता ते स्वाभाविकही आहे. तथापि पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतील पुराची जातकुळी काहीशी वेगळी असून तिची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. येथे नद्या आखूड आहेत, डोंगर जवळ आहे आणि खाडी त्याहून जवळ. एका दिवशी धो धो पाऊस होऊनही बाजारपेठ कोरडी राहते, तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पावसात दुकानांच्या फळ्यांपर्यंत पाणी चढते. या विसंगतीचे उत्तर पावसाच्या आकड्यात सापडत नाही. डोंगरावरून उतरलेला लोंढा गावाशी पोहोचला त्या वेळी खाडीला भरती होती की ओहोटी, यावर येथील पुराची उंची मोठ्या प्रमाणावर ठरते.

नद्यांची रचना

रोहा तालुक्याला दोन नद्यांचा पूर सोसावा लागतो. कुंडलिका भिऱ्याजवळ सह्याद्रीच्या पायथ्याशी येते, कोलाडवरून वाहत रोहा आणि अष्टमी यांच्या मधून जाते आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. तालुक्याच्या उत्तरेकडील नागोठणे मात्र अंबा नदीच्या काठी आहे. अंबा बोरघाटाच्या दक्षिणेस उगम पावते, सुधागड तालुक्यात जांभूळपाड्यापर्यंत दक्षिणेकडे वाहते, तेथून वळण घेऊन नागोठण्याकडे येते व पुढे पेण तालुक्याच्या कडेने धरमतरच्या खाडीत शिरते. पेण शहराजवळून भोगावती वाहते आणि तालुक्याच्या उत्तर भागातून बाळगंगा. या दोन्ही नद्यांचे पाणी अखेर धरमतर खाडीच्या परिसरातच उतरते.

या नद्यांचा वरचा टप्पा अत्यंत उताराचा, तर खालचा जवळजवळ सपाट आहे. घाटमाथ्यावर पावसाळ्याचे एकूण पर्जन्यमान कित्येक हजार मिलिमीटर असते. भिऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एकाच दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. असे पाणी कड्यावरून उतरून काही तासांतच कोलाड-रोह्याला येते. देशावरच्या कृष्णा-पंचगंगेसारखा पूर दिवसागणिक चढत नाही. रात्री झोपताना पायरीखाली असलेले पाणी पहाटे घरात असते. सपाट टप्प्यात आल्यावर मात्र या पाण्याची गती मोडते. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते नागोठण्यापर्यंत येत आणि कुंडलिकेतून रोह्यापर्यंत जात. व्यापाराला सोयीची असलेली ही भरती पुराच्या दिवशी नदीच्या तोंडाला लावलेल्या झाकणासारखी वागते.

भरती-ओहोटीचे चक्र साधारण सव्वाबारा ते साडेबारा तासांचे असते आणि रोजची वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणूनच कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा ढोबळ हिशेब रूढ आहे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, हे त्यावरूनच. खाडीत आत जावे तसा त्याला आणखी उशीर होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते. आषाढ-श्रावणातील उधाण आणि घाटावरील अतिवृष्टी यांची गाठ पडली की नदीला वाट उरत नाही.

धरणाचे पाणी : समज आणि वस्तुस्थिती

रोह्यात पूर आला की 'वरून पाणी सोडले' हा शब्द सर्वत्र ऐकू येतो. त्यात तथ्य किती हे तपासून पाहावे लागेल. मुळा नदीवर टाटा कंपनीने बांधलेले मुळशी धरण सह्याद्रीच्या पूर्वेस आहे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध झाला. या जलाशयाचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून भिरा येथे १९२७ पासून वीज निर्माण केली जाते आणि वापरलेले पाणी कुंडलिकेत येते. पूर्वेकडे जायचे पाणी पश्चिमेकडे वळवल्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहते. कोलाडजवळच्या डोलवहाळ बंधाऱ्यावरून शेतीला व उद्योगांना मिळणारे पाणी, तसेच कोलाडचा राफ्टिंगचा व्यवसाय हे त्याचेच फलित.

तथापि वीजगृहातून येणारे पाणी जनित्रांच्या क्षमतेपलीकडे जाऊ शकत नाही. मुळशी भरल्यावर सांडव्यावरून जाणारे जादा पाणी मुळेतून पुण्याकडे जाते, रोह्याकडे नव्हे. त्यामुळे कुंडलिकेचा महापूर हा मुख्यतः भिऱ्याखालच्या मोकळ्या पाणलोटात पडणाऱ्या पावसाचा असतो. वीजगृहाचे पाणी त्यात भर घालते आणि नदी काठोकाठ वाहत असताना ही भरही जाणवण्यासारखी असते. तेवढ्यापुरती निर्मिती कमी करून विसर्ग आवरता येतो का, हा रास्त प्रश्न आहे. सगळा दोष धरणावर टाकल्याने मात्र खरा धोका नजरेआड होतो.

पेणची स्थिती निराळी आहे. भोगावतीवरील हेटवणे धरण नवी मुंबईला पाणी पुरवते. ते भरल्यावर दरवाजे उघडतात तेव्हा सोडलेले पाणी त्याच नदीतून, पेणच्याच दिशेने येते. येथे 'पाणी सोडले' ही तक्रार शब्दशः खरी असू शकते. धरण भरण्यापूर्वी थोडी जागा राखून विसर्ग टप्प्याटप्प्याने, आणि शक्यतो ओहोटीच्या वेळी सोडणे, हा त्यावरचा मार्ग. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले धरण रिकामे ठेवण्यास यंत्रणा सहसा राजी नसते. जुलै सरत आला की भरलेले धरण हीच सर्वांना दिलासा देणारी बातमी असते.

खारेपाट : तिसरी बाजू

पेण तालुक्याचा पश्चिम भाग, वाशी-दादरपासून वडखळच्या परिसरापर्यंत, बव्हंशी खारेपाट आहे. खाडीचे पाणी मातीच्या बांधाने अडवून ही भातशेती तयार झाली. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला उघाडीतून शेतातले गोडे पाणी बाहेर जाते आणि भरतीला झडप मिटून खारे पाणी आत येत नाही. ही व्यवस्था पूर्वी शेतकरी सामुदायिकरीत्या सांभाळीत आणि बांधावर माती टाकणे हे गावकीचे काम असे. १९४८ च्या व पुढे १९७९ च्या खार जमीनविषयक कायद्यांनंतर बहुतेक जबाबदारी शासनाकडे गेली. देखभालीची निकड मात्र पूर्वीचीच राहिली.

नदीचा लोंढा आतून आणि उधाण बाहेरून एकाच वेळी रेटू लागले की बांधाला खांड पडते. गावाच्या पुरापेक्षा याचे दुष्परिणाम दीर्घकाळ टिकतात. घरात शिरलेले पाणी दुसऱ्या दिवशी ओसरते, पण शेतात शिरलेल्या खाऱ्या पाण्याने जमीन पुढील दोन-तीन हंगाम नापीक होऊ शकते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारेपणा सोसणारे भाताचे वाण दिले आहेत, परंतु खांड बुजलीच नाही तर वाणाचाही इलाज चालत नाही. कालांतराने तेथे तिवरे उगवतात, जमिनीला कांदळवनाचे संरक्षण लागू होते आणि सातबाऱ्यावर नाव असूनही शेतकऱ्याला तेथे नांगर घालता येत नाही.

रस्त्यांचे भराव हेही विसरता येणार नाहीत. सपाट प्रदेशात पुराचे पाणी आडवे पसरते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. उंच भरावाखालील मोऱ्या अपुऱ्या असतील किंवा गाळाने भरल्या असतील तर असा रस्ता पाण्याच्या वाटेतला बांधच ठरतो.

१९८९ आणि २००५

जुलै १९८९ मधील अंबेच्या महापुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. रात्रीच्या अंधारात आलेल्या त्या लोंढ्यात अनेकांचे बळी गेले आणि खाली नागोठण्यालाही जबर तडाखा बसला. अरुंद खोऱ्यातील नदी वळणावर किती निर्दयपणे काठ सोडते याचे ते उदाहरण.

२५ व २६ जुलै २००५ रोजी जिल्ह्यातील बहुतेक नद्यांनी एकदमच पात्र सोडले. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळून जवळपास दोनशे माणसे दगावली. पेण, रोहा, नागोठणे येथेही पाणी शिरले. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याने साऱ्या देशाचे लक्ष मुंबईवर होते. दूरध्वनी बंद, महामार्ग बंद आणि ढगांमुळे हेलिकॉप्टरही जमिनीवर, अशा स्थितीत रायगडातील खेड्यांची खबर बाहेर पडण्यासच वेळ लागला.

पेणच्या बाबतीत पुराचा हंगाम आणि व्यवसायाचा हंगाम एकच असतो. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने शहरात, तसेच हमरापूर, जोहे या परिसरात लाखो मूर्ती कारखान्यांतून ओळीने मांडलेल्या असतात. शाडूची मूर्ती पाण्यात गेली की तिची पुन्हा माती होते, आणि तिच्यावर काढलेले कर्ज तसेच राहते. कारखान्यात खालच्या फळ्या रिकाम्या ठेवून मूर्ती वर चढवायला निदान चार-पाच तास लागतात. या व्यावसायिकांच्या दृष्टीने पूर्वसूचनेचे मोल नेमके तेवढ्या तासांचे आहे.

इशारा कसा वाचावा

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन सहा नद्यांच्या पातळ्या जाहीर करते : सावित्री, अंबा, कुंडलिका, पाताळगंगा, उल्हास आणि गाढी. कुंडलिकेची पातळी डोलवहाळ बंधाऱ्यावर मोजली जाते. तेथे इशारा पातळी २३ मीटर आणि धोका पातळी २३.९५ मीटर आहे. अंबेसाठी नागोठणे येथे हेच आकडे अनुक्रमे ८ व ९ मीटर आहेत. हे आकडे पात्रातील खोलीचे नसून ठरावीक संदर्भपातळीपासूनच्या उंचीचे असतात. कुंडलिकेच्या दोन पातळ्यांत एक मीटरचेही अंतर नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. जोराच्या पावसात हे अंतर फार लवकर भरून निघते. इशारा पातळी म्हणजे 'अजून वेळ आहे' असे नव्हे, तर सामान हलवण्याची वेळ झाली, असे समजणे इष्ट.

या सहांच्या यादीत भोगावती आणि बाळगंगा नाहीत. पेणच्या नागरिकाला आपल्या नदीचा अंदाज हेटवण्याचा विसर्ग आणि शेजारच्या अंबा-पाताळगंगेचे आकडे यांवरूनच बांधावा लागतो. मूर्तिकार, बाजारपेठ आणि खारेपाटातील शेतकरी यांचे एवढे हितसंबंध गुंतलेले असता ही उणीव लहान म्हणता येणार नाही. शिवाय पर्जन्याचा इशारा हवामान खात्याकडून, विसर्गाचा पाटबंधारे विभागाकडून आणि भरतीची वेळ तिसरीकडून, अशी माहिती तुकड्यातुकड्यांनी येते. 'संध्याकाळी सात वाजता भरती, सहापर्यंत वरचे पाणी पोहोचेल' असे एकच वाक्य गावापर्यंत गेले तर लाल-नारिंगी रंगांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

पहिले काही तास

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख असतात. अलिबागचा नियंत्रण कक्ष, तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील ही त्याखालची साखळी. नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ आहे. २००६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. तेथून रोह्याला यायचे तर ताम्हिणी किंवा बोरघाट ओलांडावा लागतो आणि दरडी कोसळतात त्या नेमक्या अशाच दिवशी. अलीकडे पावसाळ्याच्या काळात महाडला तुकडी आधीच ठेवली जाते, हा अनुभवातून आलेला शहाणपणा आहे.

तरीही पहिली मदत गावातूनच येते. खाडीकाठच्या कोळी व आगरी मंडळींच्या होड्या आणि कोलाडचे राफ्टिंगचे तराफे व ते वाहत्या पाण्यात चालवणारे तरुण ही या भागाची खरी ताकद आहे. २०२१ च्या महाडच्या महापुरात कोलाडच्या बचावपथकांनी काम केले. अशा पथकांना जाकिटे, दोर, इंधन आणि विम्याचे संरक्षण पावसाळ्यापूर्वी देणे हे फारसे खर्चिक नाही.

पूल वेळेवर बंद करणे हा दुसरा निर्णय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह त्यावरील वाहने नदीत गेली. पाणी पुलाला टेकले की वाहतूक थांबवावी, यावर तेव्हापासून दुमत उरले नाही. रोहा-अष्टमी आणि नागोठणे येथे प्रवाशांची अडचण होते, पण ती काही तासांचीच असते.

रोह्याला धाटाव येथील औद्योगिक वसाहतीचा वेगळा विचार करावा लागतो. रासायनिक कारखान्यांतील साठा उंचावर हलवणे, पिंपे बांधून ठेवणे आणि वीज सुरक्षितपणे तोडणे ही कामे धोका पातळी येण्यापूर्वी व्हावी लागतात.

ओसरल्यानंतर

पूर ओसरताच विहिरींचे शुद्धीकरण आणि लेप्टोस्पायरोसिसचा प्रतिबंध यांना प्राधान्य द्यावे लागते. चिखलात अनवाणी काम केलेल्या व्यक्तीने ताप आल्यास थांबून न राहता आरोग्य केंद्र गाठावे. सापही याच काळात घरात आसरा शोधतात. पंचनाम्याआधी घर धुऊन काढण्याची घाई अनेकांना महागात पडते. पाण्याच्या खुणेसह छायाचित्रे काढून ठेवणे हिताचे.

नुकसानभरपाईच्या नियमांत मात्र कोकणचा पूर दीर्घकाळ बसतच नव्हता. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असावे, अशी अट सानुग्रह अनुदानासाठी लावली जात असे. पंचगंगेच्या काठी ती पूर्ण होते. भरती-ओहोटीच्या नदीत पाणी बारा-पंधरा तासांत येते, घर चिखलाने भरते आणि निघून जाते. २०२१ च्या पुरानंतर राज्य शासनाने ही अट शिथिल केली, तेव्हा अशा घरांनाही अनुदानाचा मार्ग खुला झाला.