आपल्या टर्फचा उसवलेला सांधा

संपादक मंडळानं मला सोसायटीच्या पहिल्या दिवसांविषयी लिहायला सांगितलं होतं. ते इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहितो आहे 'सी' विंगमागच्या टर्फविषयी, कारण त्याच्या इतिहासात माझ्या एका सहीचा संबंध आहे.

प्लास्टिकच्या गवताची गोष्ट सुरू होते अमेरिकेत. ह्यूस्टन शहरात 1965 साली अॅस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं प्रचंड बेसबॉल स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांतून ऊन असं चमके, की उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. म्हणून तावदानं रंगवली. उजेड कमी झाला आणि खालचं खरं गवत मेलं. 1966 मध्ये तिथे मोन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं, आणि स्टेडियमवरूनच त्याला 'अॅस्ट्रोटर्फ' हे नाव पडलं. मला गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. त्याचे पट्टे एकमेकांना चक्क चेननं जोडलेले होते, आपल्या प्रवासी बॅगेला असते तशा! म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रश्न गवताचा कमी आणि जोडाचा जास्त होता.

आपल्याकडे हे नाव घरोघर पोचलं ते हॉकीमुळे. 1975 साली क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला 2-1 असं हरवून विश्वचषक जिंकला, तो साध्या गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली. ऑस्ट्रेलियानं आपल्याला 6-1 असं हरवलं आणि आपण सातवे आलो. मी तेव्हा नुकता बँकेत लागलो होतो. दुसऱ्या दिवशी काउंटरच्या अलीकडे-पलीकडे तोच विषय. खडकीत हॉकी म्हणजे जीव की प्राण. धनराज पिल्ले तिथलेच. पण तिथली पोरं माती-दगडावर घडलेली, आणि जग गालिच्यावर पोचलेलं. आज पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियममध्ये पॉलिग्रास आहे. इथून लोकलनं तासाभराचा रस्ता.

जोडाकडे दुर्लक्ष केलं की मोठ्यांचीही फजिती होते. ऑगस्ट 2001 मध्ये फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये नव्या टर्फवरचा अमेरिकन फुटबॉलचा सामना ऐनवेळी रद्द करावा लागला. बेसबॉलसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागा झाकल्या होत्या, पण त्यांच्या कडा सपाट बसेनात. प्रेक्षक आले आणि घरी गेले.

आता आपल्याकडे येतो. आपलं कोर्ट आधी लाल मातीचं होतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर तिथे फक्त बेडूक खेळत. 2016 मध्ये टर्फ टाकलं. चार मीटर रुंदीचे चार पट्टे, म्हणजे तीन सांधे. सांध्याखाली फूटभर रुंदीची कापडी पट्टी, तिच्यावर अडेसिव्ह, त्यावर दोन्ही कडा. पात्यांमध्ये सिलिका वाळू भरतात, तिच्या वजनानं गालिचा जागेवर राहतो.

2019 च्या जुलैत मधला सांधा सुटला. डोंगराकडचं पाणी खालून शिरलं होतं. मी खजिनदार. पंधरा ऑगस्टला मुलांच्या शर्यती ठरलेल्या. काम करायला आलेला कारागीर म्हणाला, "काका, खाली ओल आहे. आता लावलं तर धरणार नाही. दिवाळीनंतर करू." मी म्हटलं, "ताडपत्री बांधा, पण आत्ताच करा." वरून खिळे मारून घेतले आणि चेकवर सही केली.

शर्यतीत आपल्या 'बी' विंगमधल्या एका आठ वर्षांच्या मुलीचा पाय त्या कडेत अडकला. हनुवटीला तीन टाके पडले. तिच्या आजोबांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

सर्वसाधारण सभेत दोन तट पडले. अर्ध्यांचं म्हणणं, सगळं उपटून नवं टाका. सिंकिंग फंड आहेच. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले, त्यामुळे फंडाला हात लावायला माझा विरोध. पण त्या दिवशी तोंड उघडायची सोय नव्हती. शेवटी कारागिरालाच बोलावलं. त्यानं टर्फ हातानं चाचपलं आणि सांगितलं, पाती चांगली आहेत, फक्त जोड गेलाय.

नोव्हेंबरात काम झालं, आणि मी दोन दिवस खुर्ची टाकून बसलो. आधी वरच्या अंगाला चर खणून पाण्याची वाट वळवली. ते आम्ही 2016 मध्येच करायला हवं होतं. मग खिळे उपटले, सांध्याजवळची वाळू ब्रशनं बाजूला केली, दोन्ही कडा उलट्या दुमडल्या, जुना ग्लू खरवडला आणि तळ दिवसभर उन्हात वाळू दिला. दुसऱ्या दिवशी दव उडाल्यावर, दहाच्या पुढे, नवी पट्टी आणि दातेरी थापीनं पसरलेलं दोन भागांचं अडेसिव्ह. ते जरा ओढ धरेपर्यंत तो थांबला. मग कडा एकमेकींना भिडवल्या: चढू द्यायच्या नाहीत, फट ठेवायची नाही, आणि एकही पातं ग्लूमध्ये दबता कामा नये. त्यासाठी तो गुडघ्यावर बसून बोटांनी पाती वर काढत होता. वर वाळूच्या गोण्या ठेवल्या, चोवीस तास कोणाला पाऊल टाकू दिलं नाही, आणि शेवटी वाळू परत भरली. नव्या टर्फच्या कोटेशनपुढे खर्च किरकोळ होता.

तेव्हापासून मे महिन्यात एकदा आणि पावसानंतर एकदा मी काठी घेऊन तिन्ही सांध्यांवरून चालतो आणि रजिस्टरमध्ये तारीख टाकतो. ती मुलगी आता तिथेच फुटबॉल खेळते आणि मी दिसलो की ओरडते, "आजोबा, सांधा ठीक आहे!" परवा मात्र तिनंच दाखवलं, तिसऱ्या सांध्याच्या टोकाला, गोलपोस्टजवळ, बोटभर कडा सुटली आहे. नोंद केली आहे. तेवढ्या जागेला दोरी बांधून ठेवली आहे, कृपया कोणी सोडू नये. काम दिवाळीनंतर.