मनाचा विषय महालात आला कधी?

आजचा विषय अगदी घरचा आहे. घरचा म्हणजे महालचा, आणि थोडासा आमच्या वाड्यातलासुद्धा. त्यामुळे बोलताना मी कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

गोष्ट २०१८ सालची. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो. एक ओपन इलेक्टिव्ह घ्यायचंच होतं. मी 'इंट्रोडक्शन टू सायकॉलॉजी' घेतलं. मनाची फार ओढ होती वगैरे काही नाही. सीनियरनी सांगितलं होतं, "घेऊन टाक बे, मार्क मिळतात."

पहिल्या तासाला जे सगळीकडे शिकवतात तेच शिकवलं. १८७९, जर्मनीतलं लाइपझिग, विल्हेल्म वुंट, मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा. मग हेरमान एबिंगहाउस. हा माणूस अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा आणि आपण किती विसरलो ते मोजायचा. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग चाललाय तोही तोच! १८८५ च्या त्याच्या पुस्तकातला निष्कर्ष असा की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटतं. हे ऐकून वर्ग खूश. आमच्या परीक्षेच्या तयारीला शास्त्रीय आधार मिळाला होता ना!

मी हात वर करून विचारलं, "आपल्याकडे हे कधी सुरू झालं?" उत्तर मिळालं, "ते परीक्षेला नाही."

परीक्षेला नव्हतं म्हणून तेव्हा सोडून दिलं. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि पुढे नोकरी लागल्यावर शनिवार-रविवारी वाचत बसलो. तेव्हा कळलं की उत्तर आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं.

थोडं मागे जाऊ. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. त्याच्या आधीच, १८४६ मध्ये, स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने इथे शाळा काढली होती. हा माणूस भूगर्भशास्त्रातही मुरलेला. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं बघायला गेला आणि परतताना बोरी नदीच्या पुरात बुडाला. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच्या नावाने कॉलेज निघालं. आज हिस्लॉप कॉलेज म्हटलं की आपल्याला सिव्हिल लाइन्स आठवते, पण सुरुवातीला ते आपल्या महालात भरायचं.

आता गंमत बघा. तेव्हा नागपूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, त्यामुळे हे कॉलेज जोडलेलं होतं कलकत्ता विद्यापीठाला. तिथे बीएला तत्त्वज्ञानाचा जो विषय असायचा, त्याचं नाव 'मेंटल अँड मॉरल सायन्स'. ॲबर्डीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांचं याच नावाचं पुस्तक १८६८ मध्ये आलं होतं. संवेदना, स्मृती, कल्पनांची साखळी, इच्छाशक्ती असली प्रकरणं. म्हणजे वेगळं खातं नाही, प्रयोगशाळा नाही, 'मानसशास्त्र' अशी पाटीही नाही, पण 'स्मृती म्हणजे काय' हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात होता. एबिंगहाउस तिकडे अक्षरं घोकत होता, साधारण त्याच काळात.

फक्त पद्धत वेगळी होती. इथे मन शिकायचं ते पुस्तकातून, आणि फार तर डोळे मिटून स्वतःच्या आत बघून. समोर माणूस नव्हता.

मग माणसं कुठे होती? त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. १८५८ मध्ये सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत ठेवता येईल, अशी त्यात सोय होती. १८६४ मध्ये नागपुरात असं इस्पितळ सुरू झालं. तेच आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय. नागपूरकरांना पत्ता सांगायला नको, तो चौक आपण अजून 'पागलखाना चौक' म्हणूनच ओळखतो.

म्हणजे मनाचा विषय नागपुरात दोन दारांनी आला. एका दारात विषय होता, पण माणसं नव्हती. दुसऱ्या दारात माणसं होती, पण विषय नव्हता. तिथे कायदा होता, भिंत होती, कुलूप होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन ब्रँच होत्या आणि मर्ज करायला कोणी बसलंच नाही.

एक संधी आली होती. १९०५ मध्ये कलकत्त्यात ब्रजेंद्रनाथ सील यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम तयार केला. १९१६ मध्ये तिथे देशातला पहिला मानसशास्त्र विभाग उभा राहिला. प्रमुख होते नरेंद्रनाथ सेनगुप्ता. ते हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले, आणि म्युन्स्टरबर्ग हे वुंट यांचे विद्यार्थी. लाइपझिगची वाट थेट कलकत्त्यात पोचली होती! पण १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर नागपूरची कॉलेजं कलकत्ता सोडून अलाहाबादकडे गेली होती. एका वर्षाच्या आगेमागे आपली गाडी चुकली. नागपूर विद्यापीठ निघालं ते १९२३ मध्ये.

बाकी महाराष्ट्राचं थोडक्यात सांगतो. वि. वि. कामत यांनी धारवाडला बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, मुंबईत १९५९ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा. दुसऱ्या दारावरही पाटी बदलत होती. १९१२ मध्ये नवा कायदा आला, १९२० मध्ये सरकारदरबारी 'असायलम' जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आलं. लोकांच्या तोंडी मात्र पागलखानाच राहिला.

आता वाड्यातली गोष्ट.

माझ्या आजोबांना एक थोरले भाऊ होते, हे मला एकविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. बैठकीत सगळ्यांचे फोटो आहेत, त्यांचा नाही. कळलं ते या कोर्समुळेच. आमच्या अभ्यासक्रमात पाच युनिट होते. मनोविकारांचा युनिट शेवटचा. सेमिस्टर संपत आलं आणि सांगण्यात आलं, 'युनिट पाच सेल्फ स्टडी.' म्हणून मी घरी पडवीत बसून तो वाचत होतो. आजी शेंगा सोलत होती.

"काय वाचून राहिला रे?"

मी म्हटलं, "स्किझोफ्रेनिया. माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात."

आजीचा हात थांबला. मग म्हणाली, "तुझ्या मोठ्या आजोबांना यायचे."

ती १९५९ मध्ये लग्न होऊन या घरात आली, तेव्हा ते घरीच होते. कारकुनी सुटलेली. रात्री जिन्यात बसून कोणाशी तरी बोलायचे. पुढल्या वर्षी त्यांना तिकडे नेलं. "चांगले होते रे ते," आजी म्हणाली, "पानात वाढलेलं कधी टाकलं नाही."

"मग परत का नाही आणलं?"

"दोन नणंदांची लग्नं व्हायची होती ना."

बस्स, एवढंच. सोयरिकीला आलेल्यांना सांगितलं, थोरला मुंबईला असतो. मग तेच शेजारी सांगितलं, मग पोरांना सांगितलं, आणि शेवटी कोणी विचारेनासं झालं. मला राहून राहून वाटतं ते तारखांचं. या आजारावरचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्येच वापरात आलं होतं. गोळी जगात होती. मानसशास्त्राचे विभाग पुण्या-मुंबईत निघाले होते. पण आमच्या जिन्यापर्यंत यांतलं काही पोचलं नाही. जिन्यापर्यंत पोचला तो फक्त 'पागलखाना' हा शब्द.

मी घरच्यांना दोष द्यायला हे सांगत नाहीये. पणजोबा मॅट्रिक झालेले, वाचणारे गृहस्थ होते. पण आपल्या मुलाला नेमकं काय होतंय, याला त्यांच्याकडे नावच नव्हतं. ज्याला नाव नाही ते लपवणं सोपं जातं. एबिंगहाउसने विसरणं तासांत मोजलं. आमच्या घराला एक अख्खा माणूस विसरायला दोन पिढ्या लागल्या, आणि तो सुद्धा पूर्ण विसरला गेला नव्हता. आजीला त्यांचं जेवणाचं पान आठवत होतं.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, २०१८ मध्ये, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ लागू झाला. १८५८ च्या कायद्याला चिंता होती बाहेरच्या लोकांच्या सुरक्षेची. हा नवा कायदा उपचार हा रुग्णाचा हक्क मानतो. इतकं अंतर कापायला १६० वर्षं गेली.

त्या पेपरात मला बरे मार्क पडले. युनिट पाचवर एकच प्रश्न होता, तोही ऐच्छिक. मी तो सोडवला.

मागच्या दिवाळीत आजीने ट्रंकेतून एक फोटो काढून दिला. कोणाच्या तरी मुंजीतला आहे. मागच्या रांगेत उंच, टोपी घातलेले, तेच ते. तेवढा भाग मोठा करून घेतला आणि बैठकीत लावला. आता येणारे-जाणारे विचारतात, हे कोण? बाबा सांगतात, "माझे काका." आजाराबद्दल अजून सांगत नाहीत. सांगतील कधीतरी.

तुमच्याही घरात भिंतीवर नसलेला एखादा फोटो असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून बघा. आणि आत्ता कोणाला त्रास होत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

चला, भेटू पुढच्या भागात.