डॉक्टरांची सही आणि डॉक्टरांचा प्रश्न

मराठी समाजातील मद्यपानाविषयी लिहावयाचे झाले की आपण बहुधा चळवळ, नाटक आणि कायदा या तीन वाटांनी जातो. १९०८ साली पुण्याच्या गुत्त्यांसमोर स्वयंसेवकांनी दिलेला पहारा, गडकऱ्यांच्या पश्चात १९१९ साली रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ आणि मुंबई राज्याची दारूबंदी यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु घरी येऊन आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांची नाडी पाहणाऱ्या डॉक्टराने या व्यसनापुढे काय केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा इतिहास तपासून पाहण्यासारखा आहे. कारण पिणाऱ्याच्या प्रकृतीतला बिघाड प्रथम ज्याच्या दृष्टीस पडतो, तो हाच मनुष्य होय.

अतिरिक्त मद्यपान हा रोग आहे, हा विचार अगदी अलीकडचा नव्हे. ब्रिटिश आरमारात वैद्य म्हणून सेवा केलेल्या टॉमस ट्रॉटर यांनी १८०४ सालच्या आपल्या प्रबंधात त्याला मनाचा रोग म्हटले होते, आणि रोग्याचा विश्वास संपादन करणे हे वैद्याचे पहिले काम ठरविले होते. मुंबई इलाख्यात मात्र या प्रश्नाच्या निमित्ताने डॉक्टराला गाठले ते मुख्यतः कायद्याने.

योगायोग असा की, मुंबईत दारूबंदी प्रथम आणली ती एका डॉक्टरानेच. १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होती. ते नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. पुढे १९४३ साली आगाखान पॅलेसमधील उपवासात गांधीजींच्या प्रकृतीकडे लक्ष देणाऱ्यांपैकी एक. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. परंतु महायुद्धाच्या प्रश्नावर त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला व १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण दारूबंदी झाली. मद्य न मिळाल्यास ज्याच्या प्रकृतीला गंभीर अपाय होईल, अशा व्यक्तीस परवाना देण्याची तरतूद या कायद्यात होती. अर्थातच अशा अर्जामागे वैद्यकीय अभिप्राय हवा. म्हणजे मद्य आणि रोगी यांच्या संबंधात डॉक्टराला जे स्थान मिळाले, ते सही करणाऱ्याचे. पिणारा दवाखान्यात येई तो पिणे सुटावे म्हणून नव्हे, तर पिणे चालू राहावे म्हणून! १९५१ साली बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराच भाग उचलून धरला, परंतु मद्यार्कयुक्त औषधांवरील व प्रसाधनांवरील बंदी रद्द ठरविली. न्यायालयापुढे प्रश्न बाटलीत काय आहे हा होता. बाटली घेणाऱ्याच्या मनात काय आहे, हा नव्हता.

१९५९ च्या दुरुस्तीने डॉक्टराच्या अंगावर आणखी एक काम आले. मद्यपानाच्या संशयावरून आणलेल्या इसमाची तपासणी करून त्याचे रक्त काढण्याचे अधिकार नेमलेल्या डॉक्टरांना मिळाले, आणि रक्तातील मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५ किंवा अधिक आढळल्यास निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली गेली. एका टेबलावर परवान्याचा कागद आणि दुसऱ्यावर पोलिसांची रक्ताची कुपी, असे हे चित्र होते. ज्या वैद्यकाचा या विषयाशी संबंध असा सरकारी कागदातून आला, त्यातल्या माणसाजवळ रोग्याने मन मोकळे करावे तरी कसे? डॉक्टरांनी या बाबतीत मौन धरले असेल, तर तो त्यांच्या स्वभावाचाच दोष मानणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

पुढे परवाने सैल झाले, दुकाने उघडली. मौन मात्र राहिले. यकृत बिघडले की त्यावर औषध द्यावे, रजेच्या दाखल्यावर ‘पोटाचा विकार’ असे लिहावे, आणि मूळ कारण घरच्या मंडळींच्या कपाळी सोडावे, हीच रीत आमच्या पाहण्यात आहे. यामागे तीन समजुती दिसतात : विचारल्यास रोगी दुखावेल, विचारून उपयोग नाही, आणि हे काम आपले नव्हे.

यांपैकी दुसरी समजूत खोटी ठरून पुष्कळ वर्षे झाली. लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्‌स यांनी शंभर विवाहित मद्यपींचा अभ्यास करून १९७७ साली दाखविले की, एका बैठकीत दिलेला नेमका सल्ला आणि दीर्घ उपचार यांच्या फलात वर्षाअखेर फारसा फरक नव्हता. आपल्याकडे १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, तेव्हा व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही भूमिका मराठी घरांत पोहोचली. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला प्रयोग तर अधिक बोलका आहे. तेथे प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकींत बोलणे केले. तीन महिन्यांनी अशा पुरुषांपैकी शेकडा ३६ जणांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले होते; ज्यांना केवळ नेहमीचे वाढीव उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण २६ होते. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ च्या आरंभी छापले गेले. अंतर दहाचेच खरे, परंतु ते मिळाले केवळ बोलण्याने.

हे सर्व आम्ही लखनौच्या अलीगंजात बसून लिहीत आहोत, यालाही कारण आहे. येथील केंद्रीय भवनाच्या आसपास बदलीवर आलेली मराठी कुटुंबे आहेत. आमच्यापैकी कोणाचेही घरचे डॉक्टर येथे नाहीत. ते सातारा, नागपूर किंवा दादरला राहिले. सरकारी आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली, आणि आज तिचे दवाखाने येथेही आहेत. पण दर बदलीगणिक डॉक्टर नवा. एकटेपणात पिणे वाढते, आणि १९६४ च्या आचरण नियमांतील नियम २२ ची भीती असल्याने ते झाकलेही जाते. नियम कामावर नशेत असू नये, सार्वजनिक ठिकाणी पिऊ नये आणि पिण्याचा अतिरेक करू नये, असे म्हणतो. उपचार घेऊ नये, असे तो कोठेही म्हणत नाही. शिवाय फार पिणाऱ्याने एकाएकी पिणे थांबविल्यास झटके व भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणून मनोनिग्रहाच्या भरवशावर राहण्यापेक्षा डॉक्टरास सांगणे शहाणपणाचे. या शहरात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा मानसोपचार विभागही आहे.

डॉक्टरांची सही आपण फार मागितली. रजेसाठी, बिलासाठी, पूर्वी परवान्यासाठी. तिच्याबरोबर एक प्रश्नही त्यांनी विचारावा, ‘आठवड्यात किती घेता?’ आणि तो विचारला गेल्यास आपण खरे उत्तर द्यावे. डॉक्टर विचारीत नसतील, तर आपणच सांगण्यास सुरुवात करावी. परमुलुखात राहणाऱ्या माणसाला घरचा डॉक्टर याच रीतीने मिळू शकेल, असे आम्हांस वाटते.