ख्रिस्ती धर्मगुरूंचा झगा

वेदीपुढें उभ्या असलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूचा भरजरी पायघोळ झगा पाहिला म्हणजे हा वेष धर्मस्थापनेच्या वेळींच कोणीं तरी आंखून दिला असावा, अशी पाहणाराची सहज समजूत होते. मध्ययुगांतील पंडितांनीं तर त्याचा संबंध यहुदी पुरोहितांच्या वस्त्रांशीं जोडून एकेका वस्त्राचा गूढार्थही लावून ठेविला आहे. इतिहास मात्र निराळें सांगतो. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती उपदेशकास स्वतःचा असा वेषच नव्हता. रोमन साम्राज्यांतील इतर गृहस्थ घालीत तोच अंगरखा तो घाली व बाहेर पडतांना त्यावर 'पेन्युला' चढवी.

ही पेन्युला म्हणजे जाड कापडाचा, बिनबाह्यांचा, घोळदार डगला. मध्यें डोकें घालण्यापुरतें भोंक आणि पुष्कळदां मागें टोपडें. पावसांत आपला शेतकरी घोंगडीची खोळ घेतो, तिची आठवण व्हावी असा हा प्रकार. प्रवासी, शिपाई, गुलाम, सर्वच ती वापरीत. पौलाच्या नांवावर असलेल्या तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रांत त्रोवस येथें कार्पाकडे राहिलेला झगा येतांना घेऊन येण्याची सूचना आहे, व थोडें पुढें हिवाळ्यापूर्वीं येऊन पोंचण्याविषयीं विनविलें आहे. तो झगा याच जातीचा. पूर्वेकडील मंडळींत धर्मगुरूच्या उपासनावस्त्रास आजही 'फेलोनियन' म्हणतात, तें नांव या पत्रांतील ग्रीक शब्दाचेंच वंशज होय. थंडीच्या डगल्याचें देवकार्याचें वस्त्र कसें बनलें, हीच या विषयांतली खरी मौज आहे.

वेषानें आपलें वेगळेपण दाखविण्याचा मोह मात्र फार जुना. दुसऱ्या शतकांतील जस्टिन हा ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्ववेत्त्याचें प्रावरण अंगावर वागवीत असे. पुढें कार्थेजच्या टर्टुलियननें रोमन नागरिकाचा टोगा टाकून तेंच ग्रीक प्रावरण, म्हणजे पॅलियम, स्वीकारलें, आणि त्याच्या समर्थनार्थ एक उपहासगर्भ प्रबंधच लिहिला. टोग्याच्या चुण्या बसविण्याची यातायात ज्यास ठाऊक आहे, तो टर्टुलियनला फारसा दोष देणार नाहीं. पण हे दोघे पांघरीत होते तो वेष तत्त्वज्ञाचा होता, पुरोहिताचा नव्हे.

देवकार्याकरितां राखून ठेविलेल्या निराळ्या वस्त्राची हकीकत चौथ्या शतकांत आढळते, आणि ती मोठी विलक्षण आहे. बादशहा कॉन्स्टंटाइन यानें जेरूसलेमच्या मकारियस बिशपास बाप्तिस्म्याच्या विधीच्या वेळीं घालण्यासाठीं सोन्याच्या तारांनीं विणलेला एक झगा दिला होता. मकारियसनंतर कांहीं वर्षांनीं त्या गादीवर आलेल्या सिरिलनें तो विकला, रंगभूमीवरील एका नर्तकानें तो विकत घेतला, आणि तो अंगावर असतांनाच नाचतां नाचतां पडून नर्तक मेला, असें थिओडोरेट हा इतिहासकार सांगतो. सोझोमेनच्या हकिकतींत तपशील वेगळा आहे: दुष्काळांत लोक अन्नावांचून तडफडूं लागले, जवळ पैसा नव्हता, म्हणून सिरिलनें मंडळीचीं भांडीं व मूल्यवान् वस्त्रें विकलीं, पुढें त्यांपैकीं आपण अर्पण केलेलें वस्त्र एका नटीच्या अंगावर पाहून दात्यानें ओरड केली. इ. स. ३५७ मध्यें सिरिल पदच्युत झाला, त्याचें निमित्त सोझोमेन हेंच देतो. खरें मूळ कैसरियाच्या अकेशियसशीं असलेल्या वैरांत व तत्कालीन धर्ममतांच्या वादांत होतें, असें आम्हांस वाटतें. तें कसेंही असो. उपाशी माणसाच्या पोटांत गेलेलें त्या वस्त्रांचें मोल वायां गेलें, असें आम्ही तरी म्हणणार नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, वस्त्र विकणें हा धर्माचा अपराध ठरूं लागला होता.

उलट बाजूनें बोलणारेही होते, आणि खुद्द रोमच्या गादीवर होते. गॉल प्रांतांत कांहीं बिशप मठवासी परंपरेंतून आलेले होते. ते अंगावर प्रावरण व कमरेस पट्टा अशा थाटांत मंडळींत वावरूं लागले. कंबर कसून सिद्ध राहा, या शास्त्रवचनाचा त्यांनीं शब्दशः अर्थ घेतला. पोप सेलेस्टाइन यानें इ. स. ४२८ मध्यें व्हिएन्न व नार्बोन प्रांतांच्या बिशपांना पत्र लिहून त्यांची चांगलीच हजेरी घेतली. शब्दशःच चालावयाचें तर त्याच वचनांतले जळते दिवे हातांत कां धरीत नाहीं, असा त्याचा सवाल होता. आपण लोकांहून ओळखूं यावें तें शिकवणुकीनें, आचरणानें व मनाच्या शुद्धतेनें. कपड्यांनीं नव्हे, हा त्या पत्राचा आशय.

सेलेस्टाइनचा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु पोशाखाच्या बाबतींत युक्तिवादापेक्षां शिंप्याचें अधिक चालतें. पेन्युला एव्हांना प्रतिष्ठित झाली होती, इ. स. ३८२ च्या कायद्यानें कॉन्स्टँटिनोपलच्या सेनेटरांस शहरांत लष्करी प्रावरण सोडून तीच वापरण्यास सांगितलें. दुसरीकडे उत्तरेच्या टोळ्यांचे आंखूड अंगरखे व विजारी लोकांस आवडूं लागल्या. रोम शहरांत विजारी घालण्यास चौथ्या शतकाच्या अखेरीस बंदी झाली, ४१६ त लांब केंस व कातड्याचे पोशाख निषिद्ध झाले. परंतु साम्राज्यच ढांसळत असतां असले कायदे कोण जुमानतो! गृहस्थांनीं जुना वेष टाकला, धर्मगुरूंनीं टाकला नाहीं. एवढ्यानेंच ते वेगळे दिसूं लागले. ४२८ चे बिशप नवें कांहीं चढवून वेगळे झाले होते. त्यांचे वारस जुनेंच न सोडल्यामुळें वेगळे झाले.

राव्हेना येथील सान व्हिताले देवळांत (प्रतिष्ठापना इ. स. ५४७) हें प्रत्यक्ष पाहावयास सांपडतें. भिंतीवरील रंगीत खड्यांच्या चित्रांत जस्टिनियन बादशहा जांभळ्या दरबारी प्रावरणांत आहे. शेजारीं बिशप मॅक्सिमियन. त्याच्या अंगांत रुंद बाह्यांचा पांढरा डाल्मॅटिक, त्यावर घोळदार पेन्युला, आणि खांद्यावर क्रूसचिन्हाची पांढरी पट्टी. प्रवाशाच्या डगल्याचा येथें मागमूसही उरलेला नाहीं.

पुढें ६३३ सालीं स्पेनांतील टोलेडोच्या चौथ्या परिषदेनें एक नियम केला. अन्यायानें पदच्युत झालेला धर्माधिकारी दुसऱ्या परिषदेंत निर्दोष ठरला, तरी तेवढ्यानें तो पूर्वपदावर आला असें समजूं नये. त्यानें वेदीपुढें बिशपांच्या हातून आपल्या पदाचीं चिन्हें परत घ्यावीं: बिशपानें खांद्यावरील पट्टी, अंगठी व दंड, प्रेस्बिटरानें, म्हणजे सामान्य धर्मगुरूनें, पट्टी व तो घोळदार झगा, डीकननें पट्टी व पांढरा अंगरखा.