‘फाइल इम्पोर्ट होत नाही’ : एका एररचा सत्तर वर्षांचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? आज किल्ला नाही, तह नाही, लढाई नाही. आजचा इतिहास तुमच्या खिशातल्या फोनचा आहे.

एडिटिंग सॉफ्टवेअर उघडलं, व्हिडिओ टाइमलाइनवर ओढला आणि समोर एक चौकोन आला : ‘हा फॉरमॅट सपोर्टेड नाही’. किंवा आवाज आला, चित्र काळं. किंवा सगळं आलं, पण दहाव्या मिनिटाला ओठ आणि शब्द यांची फारकत झाली. गंमत म्हणजे तीच फाइल फोनवर मस्त चालते. मग आपण फोनला शिव्या देतो, नाहीतर लॅपटॉपला.

मी नोकरीत दिवसभर सॉफ्टवेअरच लिहितो, आणि आमच्या पॉडकास्टचे व्हिडिओ भागही मीच एडिट करतो. त्यामुळे या चौकोनाशी माझी रोजची ओळख. माझं मत असं की अशा प्रत्येक एररवर एक साल कोरलेलं असतं, शिलालेखासारखं. ते वाचता आलं की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांत सापडतो. चला, वाचायला शिकूया.

१९९१ : डबा आणि भाजी

२ डिसेंबर १९९१ला ॲपलने क्विकटाइम आणलं. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९२मध्ये, मायक्रोसॉफ्टने ‘व्हिडिओ फॉर विंडोज’ आणि त्यासोबत एव्हीआय फाइल आणली. दोघांचा प्रश्न एकच होता. चित्र, आवाज आणि कुठल्या क्षणी काय दाखवायचं याची नोंद, हे सगळं एका फाइलमध्ये कसं ठेवायचं?

उत्तर म्हणजे डबा. याला कंटेनर म्हणतात. एमओव्ही, एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही हे सगळे डबे. आत भरलेली भाजी म्हणजे कोडेक : चित्र कोणत्या पद्धतीने दाबून लहान केलंय ते.

आता आपल्या स्वयंपाकघरात बघा. डब्यावर ‘चहा’ लिहिलेलं असतं आणि आत साखर निघते. फाइलचंही तसंच. नावापुढे एमपी४ आहे म्हणजे आत काय आहे ते कळलं, असं नाही. म्हणूनच एमओव्ही पुसून एमपी४ लिहिलं की सहसा काहीच सुटत नाही. लेबल बदललं, भाजी तीच राहिली.

१९७४ : बंगळुरूचा एक माणूस

पण दाबायचं कशाला? साधा हिशोब करू. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला ३ बाइट. एका फ्रेमचे झाले सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला ९ जीबीहून जास्त! एक रील म्हणजे अख्खं मेमरी कार्ड.

हा डोंगर लहान करण्यामागे एक भारतीय नाव आहे. नासिर अहमद, जन्म बंगळुरूचा, अभियांत्रिकीचं पहिलं शिक्षणही तिथलंच, पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक. चित्राचे छोटे तुकडे घेऊन त्यातले डोळ्याला ठळक जाणवणारे चढउतार वेगळे काढायचे आणि बारीकसारीक भाग टाकून द्यायचा, याचं गणित त्यांना सुचलं. १९७२मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. कल्पना फारच साधी वाटली, असं त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलंय. पण काम थांबलं नाही. जानेवारी १९७४मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांचा शोधनिबंध आला : ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’.

जेपेग फोटो, एमपेग व्हिडिओ आणि पुढचे बहुतेक मोठे कोडेक याच गणितावर किंवा त्याच्या भावंडांवर उभे आहेत. आज तुमच्या फॅमिली ग्रुपवर आलेल्या गुड मॉर्निंगच्या फोटोतही ते आहे.

१९९३ : लग्नाची सीडी

आता आपल्या घरात येऊ. १९९३मध्ये व्हिडिओ सीडी आली. तिच्यात एमपेग-१ कोडेक होता आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ३५२ गुणिले २८८ पिक्सेलचं. आजच्या फोनच्या स्क्रीनवर ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसेल. पण एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं मावायची आणि प्लेअर स्वस्त होते. त्यामुळे महाराष्ट्रात घरोघरी कपाटात ‘लग्नाची सीडी’ आली. मुंज, साखरपुडा, बारसं, गणपती, सगळं त्या चकत्यांवर.

माझ्या एका मित्राचे वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरलाय : आत्याच्या लग्नाच्या सीडीवर, जेवणाच्या पंगतीत ते कुणाला तरी आग्रह करतायत, जेमतेम वीस सेकंद. त्याने सीडी लॅपटॉपला लावली, ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये एक ‘डॅट’ फाइल दिसली, ती एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि तोच चौकोन आला. दुकानदाराने सांगितलं, ‘सीडी खराब झाली, सोडून द्या.’

सीडी ठीक होती. ही डॅट फाइल म्हणजे एमपेग-१ व्हिडिओच, फक्त त्यावर सीडीच्या काळातलं एक जादा वेष्टन असतं. एडिटिंग सॉफ्टवेअर ते वेष्टन ओळखत नाही, पण व्हीएलसी प्लेअर ओळखतो. आम्ही एफएफएमपेग वापरून आतलं चित्र आणि आवाज जसेच्या तसे साध्या एमपेग फाइलमध्ये हलवले. काही मिनिटांचं काम. मित्राने ती वीस सेकंदं त्या रात्री किती वेळा ऐकली, ते मी विचारलं नाही.

लक्षात घ्या, एडिटरने ‘ओळखत नाही’ म्हटलं होतं, आणि माणसाने त्याचा अर्थ ‘नष्ट झालं’ असा लावला. हा फरक कळला नसता तर ती सीडी कचऱ्यात गेली असती.

२००३ : चालतं, पण कापता येत नाही

मे २००३मध्ये एच.२६४ हा कोडेक प्रमाण ठरला. आजही जगभर सर्वात जास्त चालणाऱ्या कोडेकांपैकी तो एक. त्याची कमाल कंजूषपणात आहे. तो प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवत नाही. एक फ्रेम पूर्ण, मग पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त ‘काय बदललं’ एवढंच. काही फ्रेम तर मागची आणि पुढची दोन्ही बघितल्याशिवाय उघडतच नाहीत.

सरळ बघत गेलात तर काही अडचण नाही. पण एडिटिंग म्हणजे मध्येच उडी मारणं. तुम्ही ४७व्या फ्रेमवर गेलात की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब जुळवत यावं लागतं. म्हणून फोनवर लोण्यासारखा चालणारा व्हिडिओ टाइमलाइनवर बैलगाडी होतो. व्यावसायिक लोक याच कारणासाठी वेगळे कोडेक वापरतात : एव्हिडचा डीएनएक्सएचडी, ॲपलचा २००७चा प्रोरेस. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल अवाढव्य, पण कापायला सोपी.

दुसरी गोष्ट, एमपी४ डब्याची रचना ॲपलच्या क्विकटाइमवरूनच घेतली आहे. त्यात ‘मूव्ह’ नावाची एक अनुक्रमणिका असते : कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे त्याची यादी. बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सगळ्यात शेवटी लिहितात. मध्येच बॅटरी गेली तर? चित्रं सगळी आहेत, अनुक्रमणिका नाही. फाइल ३ जीबीची दिसते आणि कुठेच उघडत नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगला काढलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून वापरून ती यादी पुन्हा बांधणारी टूल्स आहेत. म्हणून अशी फाइल डिलीट करू नका, आणि त्या कार्डावर नवीन काही शूट करू नका.

१९५३ : ओठ आणि शब्दांची फारकत

आता थोडं मागे. अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ३० फ्रेम दाखवायचा. १९५३मध्ये तिथे रंगीत टीव्हीचं प्रमाण ठरलं. रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत लुडबुड करू नयेत म्हणून वेग किंचित कमी केला : २९.९७. फरक नगण्य वाटतो ना? एका तासात १०८ फ्रेम, म्हणजे साडेतीन सेकंदांहून जास्त. आपल्याकडे १९८२ला दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीने, सेकंदाला २५ फ्रेम.

त्या तडजोडीचा आकडा आजही तुमच्या एडिटरच्या सेटिंगमध्ये बसलेला आहे. त्यात फोनने आणखी एक भर घातली. प्रकाश कमी झाला किंवा प्रोसेसर तापला की अनेक फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतात. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. समजा फोनने १० मिनिटांत सरासरी २९.७ वेगाने १७,८२० फ्रेम घेतल्या, आणि सॉफ्टवेअरने ‘३० असतील’ असं धरून त्या मांडल्या. चित्र ५९४ सेकंदांत संपेल, आवाज ६०० सेकंद चालेल. शेवटाला ६ सेकंदांचा घोळ! उपाय : हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइल नव्याने बनवा, मग इम्पोर्ट करा.

२०१७ : वकिलांचा कोडेक

२०१३मध्ये एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी आला. तसंच चित्र, जवळपास निम्म्या जागेत. सप्टेंबर २०१७मध्ये आयओएस ११ आलं आणि नव्या आयफोनमध्ये रेकॉर्डिंग याच कोडेकमध्ये होऊ लागलं. पण त्याची पेटंटं अनेक कंपन्यांची, आणि लायसन्स गोळा करणारे गट २०१७पर्यंत तीन झाले होते. कुणाला किती पैसे द्यायचे यावरच घोळ. म्हणून विंडोजमध्ये त्याचा सपोर्ट वेगळं एक्स्टेन्शन म्हणून, थोडे पैसे घेऊन विकला गेला. ‘आवाज येतो, चित्र काळं’ हे दिसलं तर आधी संशय याच्यावर घ्या. या कटकटीला कंटाळून मोठ्या कंपन्यांनी २०१५मध्ये एकत्र येऊन एक आघाडी केली आणि २०१८मध्ये एव्ही१ हा रॉयल्टीमुक्त कोडेक आणला.

आणि जुन्याचं काय? एप्रिल २०१६मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइममध्ये सुरक्षेची भोकं सापडली. ॲपलने त्याची देखभाल थांबवली होती, आणि अमेरिकी सरकारी यंत्रणेने ते काढून टाका असा सल्ला दिला. ऑक्टोबर २०१९च्या मॅकओएस कॅटलिनापासून क्विकटाइम ७ मॅकवरही चालेनासं झालं. १९९०च्या दशकातले कित्येक कोडेक त्यासोबत मुख्य एडिटरांमधून बाहेर पडले. भाषा मरते तशीच फाइलही मरते : वाचणारा उरला नाही की.

मग करायचं काय?

क्रम लक्षात ठेवा. एक, मूळ फाइलची कॉपी करा आणि मूळ फाइलला हात लावू नका. दोन, व्हीएलसीमध्ये चालते का बघा. चालली तर भाजी शाबूत आहे. तीन, मीडियाइन्फो या फुकट टूलमध्ये फाइल उघडा आणि तीन ओळी वाचा : डबा कोणता, कोडेक कोणता, फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता. चार, फक्त डबा चुकीचा असेल तर एफएफएमपेगने आतलं न बदलता डबा बदला. त्यात दर्जा जराही कमी होत नाही. पाच, कोडेक किंवा फ्रेम रेटची अडचण असेल तरच फाइल नव्याने बनवा. टाइमलाइन नुसतीच जड चालत असेल तर प्रॉक्सी वापरा.

आणि एक काम या रविवारी. कपाटाच्या वरच्या कप्प्यातली ती लग्नाची सीडी काढा. तबकड्यांना चरे पडतात, थर निघतो, आणि नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कुणाकडून तरी आणा, अख्खी सीडी कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा. फाइल उघडली नाही तर घाबरू नका. ती कोणत्या सालची आहे ते आता तुम्हाला वाचता येतं.

पुढच्या भागात भेटूच. तोवर ऐकत राहा, आणि बॅकअप घेत राहा!