जोडयंत्र की सुटी यंत्रे?



दोन चाड्यांची पाभर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. एका चाड्यातून बी पडते, दुसऱ्यातून खत. एकाच फेरीत दोन कामे उरकतात. पण नांगर आणि पाभर एकाच जुवाला बांधून कोणी शेतात उतरत नाही. का बरं? नांगरटीची वेळ वेगळी, पेरणीची वेगळी. शिवाय एक मोडलं की दुसरंही अडून बसायचं!

घरात चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हाच प्रश्न चाळीसएक वर्षे पुन्हापुन्हा उभा राहिला. दूरचित्रवाणीचा संच आणि कॅसेटचे यंत्र एका पेटीत असावे की वेगळे? पुढे कॅसेट आणि तबकडी यांच्याबद्दलही तेच विचारले गेले. ही यंत्रे आता मागे पडली आहेत. मग हा इतिहास कशाला ऐकायचा, असे तुम्ही म्हणाल. पण शाळेच्या कपाटात जुन्या स्नेहसंमेलनाची कॅसेट असेल, घरात ट्रंकेत लग्नाची असेल. तिचे काय करायचे, हे ठरवताना हा इतिहास उपयोगी पडतो.

१९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने चुंबकीय फितीवर चित्र नोंदवणारे यंत्र पुढे आणले. फीत दोन इंच रुंद आणि यंत्र कपाटाएवढे. ते दूरचित्रवाणी केंद्रांसाठी होते, घरासाठी नव्हे. घरापर्यंत पोचण्याचा एक मोठा प्रयत्न १९७२ साली अमेरिकेत झाला. त्याचे नाव कार्ट्रिव्हिजन. दूरचित्रवाणीच्या मोठ्या संचातच कॅसेटचे यंत्र बसवलेले होते. चित्रपटाच्या कॅसेटी दुकानातून भाड्याने मिळत. त्या लाल रंगाच्या असत आणि घरी उलट गुंडाळता येत नसत. म्हणजे एकदा पाहा आणि परत करा. ज्याच्या घरी चांगला संच आधीच होता, त्याने कॅसेटसाठी आणखी एक महागडा संच का घ्यावा? १९७३ साली हा उद्योग बंद पडला. गिऱ्हाइकांच्या घरी संच राहिला. पण त्याच्या पोटातले यंत्र निकामी होऊन बसले, कारण त्याला चालणारी कॅसेट दुसरीकडे कुठेच बनत नव्हती.

१९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बेटामॅक्स आणले. अमेरिकेत ते प्रथम विक्रीला गेले तेही जोडयंत्र म्हणूनच. सागवानी पेटीत १९ इंची रंगीत संच आणि शेजारी कॅसेटयंत्र. किंमत दोन हजार डॉलरांच्या वर. पुढच्या वर्षी कंपनीने कॅसेटयंत्र सुटे विकायला काढले. त्याची तार कोणत्याही संचाला, अँटेनाच्या जागी जोडता येई. किंमतही पुष्कळ कमी. त्याच १९७६ साली जे.व्ही.सी. कंपनीने व्ही.एच.एस. यंत्र जपानात आणले. बेटामॅक्सच्या कॅसेटमध्ये सुरुवातीला एक तासच मावे, व्ही.एच.एस.मध्ये दोन. शेवटी बाजी व्ही.एच.एस.ने मारली; १९८८ साली खुद्द सोनीही तसली यंत्रे बनवू लागली. आता विचार करा. ज्याने सुटे बेटामॅक्स घेतले होते, त्याने ते बाजूला ठेवून दुसरे यंत्र आणले. त्याचा संच तसाच चालू राहिला. सागवानी पेटीवाल्याचे मात्र अर्धे धन पेटीतच अडकले.

आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि व्हिडिओची हवा पसरली. आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे व्ही.सी.आर. घेऊन येत. ज्यांना ते परवडत नसे ते रात्रीपुरते भाड्याने आणत. गणेशोत्सवात, लग्नघरी, चावडीसमोर पडवीत संच मांडला जाई आणि एका रात्रीत तीन-तीन चित्रपट होत. हा व्यवहार मुख्यतः सुट्या यंत्रांचाच होता. घरी संच असेल तर नुसते यंत्र आणा, नसेल तर दोन्ही आणा. नोंदणी न करता फक्त दाखवणारे व्ही.सी.पी. नावाचे स्वस्त यंत्रही मिळे. जेवढी गरज तेवढेच घ्यावे, ही सोय सुटेपणामुळेच झाली.

मग जोडयंत्र अगदीच वाईट का? तसे नाही. एक पेटी, एक वायर, एकच बटणांचा संच. गाड्यावर ठेवून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात न्यायला फार सोपे. म्हणूनच अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात मुलांच्या खोलीत आणि शाळांत ती पुष्कळ शिरली. पुढे डी.व्ही.डी. तबकडी आली, १९९६ साली जपानात आणि १९९७ साली अमेरिकेत. लोकांच्या कपाटात कॅसेटी भरलेल्या होत्या आणि बाजारात तबकड्या येऊ लागल्या होत्या. अशा संधिकाळात दोन्ही चालवणारे यंत्र लोकांना हवेसे वाटले, हे साहजिकच होते.

अडचण होती ती आतल्या रचनेत. आपल्याकडच्या व्ही.एच.एस. यंत्रात नोंद वाचणारे ढोल मिनिटाला १५०० फेरे घेते आणि फीत त्याला घासून जाते. रबरी चाके आणि पट्टे झिजतात, धूळ बसते, चित्र फाटू लागते. तबकडीला मात्र फक्त प्रकाशाचा किरण लागतो, काही घासत नाही. दोघांची झीज वेगळी, आयुष्य वेगळे. पण बहुधा वीजपुरवठा एकच. तो जळाला की दोन्ही गप्प. एक बाजू दुरुस्तीला दिली की दुसरीही दुकानात जाऊन पडते.

२०१६ च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्ही.सी.आर. बनवणे थांबवले. ती शेवटची मोठी उत्पादक होती. भाग मिळेनात आणि मागणीही घटली, हे कारण. तेव्हापासून जगात उरली आहेत ती जुनी यंत्रेच.

म्हणून आता कामाचे बोलतो. कॅसेट नुसती पाहायची असेल तर जोडयंत्र चालेल. पण ती जतन करायची असेल, तर चांगल्या स्थितीतले सुटे व्ही.सी.आर. शोधा आणि त्यातून चित्र संगणकावर उतरवून घ्या. गावात सोय नसेल तर तालुक्याच्या किंवा शहराच्या ठिकाणी हे काम करून देणारे भेटतात. अनोळखी यंत्रात मोलाची कॅसेट प्रथम घालू नका; आधी एखादी बिनकामाची चालवून पाहा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात मुळीच घालू नका, जाणकाराकडे द्या. कोकणातल्या दमट हवेत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. कॅसेटी उभ्या, कोरड्या जागी आणि लाउडस्पीकरपासून लांब ठेवा. उतरवलेल्या चित्राच्या दोन प्रती करा आणि त्या दोन ठिकाणी ठेवा. एक शाळेत, एक कोणाच्या तरी घरी.

शिक्षकांना एक विनंती. या सुट्टीत शाळेचे कपाट उघडा. ज्या गुरुजींनी ती शाळा उभी केली, त्यांचा आवाज कदाचित त्या फितीवर असेल. फीत दरवर्षी थोडी थोडी उतरते आहे आणि ती वाचणारी यंत्रेही कमी होत आहेत. पेरणी वाया गेली तर दुबार पेरणी तरी करता येते. इथे तशी सोय नाही. तेव्हा हे काम यंदाच करा.