गिफ्ट

‘गिफ्ट’ हा जर्मानिक भाषाकुळातला सामाईक शब्द आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ भेटवस्तू किंवा उपजत देणगी असा होतो. जर्मनमध्ये तो विषाचा वाचक आहे. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये त्याच रूपाचे दोन शब्द आहेत, एक ‘विवाहित’ या अर्थाचा आणि दुसरा ‘विष’ या अर्थाचा. भेट, लग्न आणि विष यांत वरवर काहीच नाते दिसत नाही. तरीही हे योगायोगाने सारखे दिसणारे शब्द नव्हेत. मूळ एकच आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘देणे’. काय दिले आणि कोणत्या प्रसंगी दिले, यावरून पुढच्या अर्थांच्या वाटा फुटल्या.

व्युत्पत्ती : भाषाशास्त्रज्ञांनी पुनर्रचित केलेले आद्य-जर्मानिक रूप ‘गिफ्टिझ्’ असे आहे. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ ही क्रियापदे ज्या धातूपासून आली, त्याच धातूपासून हे नाम बनले. म्हणजे रचनेने तो ‘देणे’पासून ‘देणगी’ व्हावी तसा सरळ शब्द आहे. संस्कृत ‘दा’ धातूशी मात्र त्याचा संबंध नाही. ‘दा’ या कहाणीत वेगळ्याच मार्गाने येतो आणि विष या अर्थाच्या उलगड्यात महत्त्वाचा ठरतो.

इंग्रजी : जुन्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘यिफ्ट’ असा होता आणि अर्थ आजच्यापेक्षा अरुंद होता. वधूसाठी वराकडून दिले जाणारे मूल्य, असा तो अर्थ. त्याचे अनेकवचन तर थेट ‘लग्न’ या अर्थाने वापरले जाई. आठव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत नॉर्स बोलणाऱ्या लोकांच्या स्वाऱ्या झाल्या आणि पुढे त्यांच्या वस्त्याही झाल्या. त्यांच्या बोलीतला कठोर ‘ग’ आणि ‘देणगी’ हा व्यापक अर्थ इंग्रजीत रुजला. आज रोज वापरला जाणारा इंग्रजी शब्द उच्चाराने आणि अर्थाने असा अर्धा परका आहे. ‘ईश्वरी देणे’ या कल्पनेतून पुढे उपजत बुद्धी किंवा कला असाही अर्थ त्याला मिळाला. मराठीतही ‘गळ्याची देणगी’ म्हटले जाते, तेव्हा विचाराची वाट हीच असते.

विवाहित हा अर्थ : स्कँडिनेव्हियात ‘देणे’ची दिशा लग्नाकडे वळली. जुन्या नॉर्समध्ये ‘गिफ्टा’ या क्रियापदाचा अर्थ मुलगी लग्नात देणे. जी दिली गेली ती ‘गिफ्ट’. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘मुलगी कुठे दिली?’ हा प्रश्न आणि ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा आशीर्वाद याच कल्पनेवर उभे आहेत. स्वीडनमध्ये ती कायद्यातही होती. १७३४ च्या स्वीडिश कायदेसंहितेतील विवाहप्रकरणाच्या नावात हाच शब्द आहे, आणि स्त्रीला लग्नात देण्याचा अधिकार असलेल्या पालकालाही याच शब्दावरून बनलेली संज्ञा होती. पालकाचा तो अधिकार इतिहासजमा झाला, शब्द मात्र टिकला आणि समान झाला. आज स्वीडिश पुरुषही स्वतःला ‘यिफ्त’ म्हणवतो, कारण स्वीडिशमध्ये ‘इ’पूर्वीचा ‘ग’ मऊ होतो. डॅनिशमध्ये तो कठोरच राहतो. अविवाहित व्यक्तीसाठी दोन्ही भाषांत याच शब्दाला नकारार्थी उपसर्ग लागतो.

आइसलँडिकची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे विवाहित पुरुष ‘गिफ्तुर’ आणि स्त्री ‘गिफ्त’, पण विषासाठी ‘एय्तुर’ हा स्वतंत्र शब्द आहे. शिवाय ‘गिफ्ता’ या नामाचा अर्थ सुदैव. दैवाने जे दिले ते, असा हा जुना नॉर्स अर्थ तिथे अजून जपला गेला आहे.

विष हा अर्थ : हा भाग सर्वांत विलक्षण आहे. तो समजण्यासाठी ग्रीक वैद्यकाकडे जावे लागते. ग्रीकमध्ये ‘डोसिस’ म्हणजे देणे. वैद्याने एका वेळी द्यायचे औषधाचे प्रमाण, यासाठी तो शब्द रूढ झाला. लॅटिनने तो घेतला आणि त्यातूनच इंग्रजी मार्गाने आजचा ‘डोस’ मराठीत आला. ग्रीक ‘डोसिस’ आणि संस्कृत ‘दान’ हे एकाच मूळ धातूचे आहेत. त्यामुळे दवाखान्यात ऐकू येणारा ‘डोस’ हा मराठी ‘देणे’चा दूरचा भाऊबंद ठरतो. जर्मन भाषिकांनी लॅटिन ‘डोसिस’चे शब्दशः रूपांतर आपल्या ‘गिफ्ट’ने केले, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. वैद्याने दिलेली मात्रा ती गिफ्ट, आणि मारण्यासाठी दिलेली मात्राही गिफ्टच. विषाचे नाव उघड न घेता ‘दिलेली वस्तू’ असे झाकून बोलण्याची प्रवृत्ती इथे काम करत असावी. अशुभाचे नाव टाळण्याची ही रीत मराठीत पदोपदी भेटते. मंगळसूत्र तुटत नाही, ‘वाढते’. रात्री साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. विषाच्याच बाबतीत पाहिले तर उंदीर मारायचे ‘औषध’ असते आणि पिकावरही ‘औषध’च फवारले जाते.

असे घडणे भाषांना नवे नाही. ग्रीक ‘फार्माकोन’मध्ये औषध आणि विष दोन्ही सामावलेले होते. इंग्रजी ‘पॉयझन’ फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पेय’ या अर्थाचा शब्द आहे.

जर्मनमध्ये बराच काळ दोन्ही अर्थ शेजारी नांदले. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत. भेट या अर्थाचा ‘गिफ्ट’ स्त्रीलिंगी होता, विषाचा ‘गिफ्ट’ आज नपुंसकलिंगी आहे. हळूहळू विषाने भेटीला हुसकावून लावले आणि भेटीसाठी ‘गाबे’ व ‘गेशेंक’ हे शब्द उरले. जुन्या अर्थाचा एकच ठळक अवशेष आजच्या जर्मनमध्ये सापडतो. तो म्हणजे ‘मिटगिफ्ट’. सोबत दिलेले ते मिटगिफ्ट, अर्थात मुलीबरोबर माहेराहून जाणारे धन, हुंडा. त्याचे लिंग अजूनही स्त्रीलिंगच आहे. एरवी बाटलीवर, कीटकनाशकाच्या डब्यावर किंवा कोठाराच्या दारावर ‘गिफ्ट’ लिहिलेले असेल, तर तो जिवावरच्या धोक्याचा इशारा समजावा. इंग्रजीच्या भरवशावर जर्मनीत वावरणाऱ्या परदेशी माणसाला हे ठाऊक असलेच पाहिजे. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन येथील विषबाधा-माहिती केंद्रांच्या नावांतही हाच शब्द आहे. तिकडे विषाचा अर्थ जर्मनच्या प्रभावातून पोचला आणि आधीपासून असलेल्या ‘विवाहित’ या शब्दाशेजारी येऊन बसला.

डच भाषेने गोंधळ टाळण्याचा मार्ग शोधला. तिथे ‘खिफ्ट’ म्हणजे देणगी आणि शेवटचा ‘ट’ गळालेला ‘खिफ’ म्हणजे विष. पण ‘विषारी’ हे विशेषण करताना तो ‘ट’ परत येतो. आफ्रिकान्समध्ये ‘खिफ’ विषापुरताच राहिला.

मोसचा विचार : फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२४ मध्ये या शब्दाच्या दुहेरी अर्थावर एक छोटा लेख लिहिला. त्याच्या मते हा केवळ कोशातला योगायोग नाही. प्राचीन जर्मानिक समाजात भेट म्हणून बहुधा पेय पुढे केले जाई. भेट या अर्थाच्या ‘गेशेंक’ या जर्मन शब्दाचे मूळही पेय ओतण्याच्या क्रियेत आहे. पुढे केलेल्या पेल्यात काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही, आणि घेतल्यावर तो देणाऱ्याच्या बंधनात अडकतो. १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध प्रबंधात मोसने हा विचार पुढे नेला. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली असतात आणि निव्वळ फुकट अशी भेट नसते, हे त्याचे प्रतिपादन. ते शब्दाच्या इतिहासातून पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण वैद्यकीय ‘डोसिस’चा पुरावा अधिक सरळ आहे. पण समाजव्यवहार म्हणून ते किती खरे आहे हे महाराष्ट्रातल्या लग्नघरात दिसते. कोणी किती आहेर केला हे वहीत लिहून ठेवले जाते आणि त्यांच्या घरच्या कार्यात त्या नोंदीप्रमाणे परतफेड होते.

मराठीतील शब्द : जर्मानिक भाषांतल्या अर्थांपैकी मराठीत इंग्रजी अर्थच आला, आणि तोही वस्तूपुरता. जपानीत ‘गिफुतो’ असा उच्चार होऊन हाच अर्थ गेला. मराठीत प्रसंगानुसार वेगळे शब्द होते आणि आहेत. लग्नात आहेर, भाऊबीजेला ओवाळणी, हळदीकुंकवाला वाण, दिवाळीत कामाच्या माणसांना पोस्त, लहान मुलांना खाऊ, संस्थेला देणगी, वरिष्ठाला नजराणा. कोण कोणाला आणि कोणत्या नात्याने देतो आहे हे या प्रत्येक शब्दातच कळते. ‘गिफ्ट’ हा शब्द तो तपशील पुसून टाकतो, आणि ही हानी लहान नाही. वाढदिवसाच्या समारंभातून आलेले ‘रिटर्न गिफ्ट’ मात्र परतफेडीची जुनी रीत नव्या नावाने चालवते.

कायद्याच्या मराठीत ‘गिफ्ट डीड’ला बक्षीसपत्र म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ नुसार अशी देणगी स्वेच्छेने व मोबदल्याशिवाय दिलेली असावी लागते आणि देणारा हयात असतानाच ती स्वीकारली जावी लागते. स्थावर मालमत्तेसाठी नोंदणी आवश्यक असते. भारतात १९५८ पासून देणगीवर स्वतंत्र करही होता. १ ऑक्टोबर १९९८ पासूनच्या देणग्यांवर तो उरला नाही. वृत्तपत्रांतील ‘गिफ्ट सिटी’ आणि ‘गिफ्ट निफ्टी’ यांतला ‘गिफ्ट’ मात्र या कुळातला नव्हे. ते गुजरातमधील आंतरराष्ट्रीय वित्तनगराच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून बनलेले रूप आहे.